माझा रिपोर्ट दर तीन महिन्यांनी येतो, तुमचा कधी येणार? आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री,

देशाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाहीये. तुम्ही ज्या देशाचे असाल तो समजा, कारण हे पत्र जगातल्या सगळ्याच आरोग्यमंत्र्यांना आहे, आणि त्यांच्या खात्यात बसून पाच-पाच, दहा-दहा वर्षांचे प्लॅन करणाऱ्या लोकांनाही आहे. प्रत्येकाला वेगळं लिहायची गरज वाटली नाही, डायबेटिसच्या बाबतीत रड सगळीकडे साधारण एकच आहे.

मी गेली नऊ वर्षं शुगरची पेशंट. टाइप २, म्हणजे बहुतेकदा मोठेपणी होणारा नेहमीचा प्रकार. दर तीन महिन्यांनी माझी एचबीए१सी होते, म्हणजे आपण ज्याला तीन महिन्यांची शुगर म्हणतो ती. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, तेवढ्या काळात त्यांना जी साखर चिकटते त्यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते, त्यामुळे टेस्टच्या आधी दोन दिवस शहाण्यासारखं वागून काहीही उपयोग नसतो, चोरी पकडली जातेच. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांसमोर बसते तेव्हा पन्नाशी उलटलेली बाई असूनही मला प्रगतिपुस्तक दाखवायला आलेल्या पोरीसारखं वाटतं. डॉक्टर आकडा बघतात, मग चष्म्यावरून माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "या वेळी काय झालं?" मग मी कारणं सांगते. ऑफिसात वर्षअखेर होती, गुडघा दुखत होता, चालणं बंद पडलं, झोप होत नव्हती. सगळी कारणं खरी असतात आणि तरी मला लाज वाटते.

आता तुमचा रिपोर्ट काढू.

मे २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत तुम्ही (म्हणजे तुमच्या खुर्चीत तेव्हा जे कोणी होते त्यांनी) हृदयरोग, कॅन्सर, डायबेटिस वगैरे आजारांसाठी नऊ टार्गेट्स मान्य केली होती, मुदत २०२५. त्यातलं एक होतं डायबेटिस आणि लठ्ठपणाची वाढ थांबवणं. कमी करा असंसुद्धा नव्हतं हो, फक्त आहे तिथे थांबवा. तेव्हाच्या, म्हणजे २०१३ च्या, इंटरनॅशनल डायबेटिस फेडरेशनच्या ॲटलासमध्ये जगात डायबेटिस असलेल्या प्रौढांचा आकडा होता ३८ कोटी २० लाख. त्याच संस्थेचा २०२४ सालचा आकडा ५८ कोटी ९० लाख आहे. २० ते ७९ वयातल्या दर नऊ माणसांत एक. आणि असंच चालू राहिलं तर २०५० पर्यंत ८५ कोटींच्या वर जाईल असा त्यांचाच अंदाज.

२०२५ आलं आणि गेलं. तुम्हाला कोणी चष्म्यावरून बघून विचारलं का, की काय झालं या वेळी?

थांबा, तुमच्या बाजूचंही सांगते, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलंय. आकडा वाढला म्हणजे सगळं बिघडलंच असं नसतं. जगाची लोकसंख्या वाढलीये, माणसं म्हातारी होईपर्यंत जगतायत आणि वय वाढलं की डायबेटिस वाढतो. शिवाय उपचार मिळाले की डायबेटिसवाला माणूस जास्त वर्षं जगतो आणि तो जगतो म्हणून दर वर्षी मोजला जातो. मीच बघा ना, मी त्या ५८ कोटींत आहे आणि अजून बरीच वर्षं त्यात राहायची माझी इच्छा आहे. मोजण्याच्या पद्धतीही बदलल्या. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा तर आणखी मोठा आहे, १९९० मध्ये २० कोटी आणि २०२२ मध्ये ८३ कोटी, कारण त्यात १८ च्या पुढचे सगळे धरलेत आणि निदानाचे निकषही थोडे वेगळे. तर आकड्यांवर वाद घालायला भरपूर जागा आहे, घाला. पण १८ च्या पुढच्या लोकांमध्ये डायबेटिसचं प्रमाण १९९० मध्ये ७ टक्के होतं ते २०२२ मध्ये १४ टक्के झालं, म्हणजे दुप्पट, आणि प्रमाण दुप्पट होतं तेव्हा नुसती लोकसंख्या वाढली असं सांगून सुटता येत नाही.

मला खरा राग मात्र वेगळ्याच आकड्याचा येतो. त्या ५८ कोटी ९० लाखांपैकी २५ कोटी २० लाख लोकांना आपल्याला डायबेटिस आहे हेच माहीत नाही. दहातले चार. मीसुद्धा कित्येक वर्षं त्या चारांत होते.

माझं निदान डायबेटिसच्या डॉक्टरांनी केलंच नाही. चष्म्याचा नंबर सारखा बदलत होता म्हणून डोळे तपासायला गेले, डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून बाहुली मोठी केली, आत लाईट मारून बघितलं आणि खुर्ची मागे सरकवून विचारलं, "शुगर कधी चेक केली होती?" मी म्हटलं, कधीच नाही, मला काही त्रासच नाही. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त दिलं तर २१४. १२६ च्या वर गेलं की डायबेटिस म्हणतात. एचबीए१सी ९.४ आली, तिथे ६.५ ची रेघ आहे. डोळ्याच्या पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके आधीच आलेले. म्हणजे आजार माझ्या आत चांगली काही वर्षं मुक्काम ठोकून होता आणि मला पत्ता नव्हता. यात माझं काही विशेष नाही बरं का. ब्रिटनमध्ये टाइप २ च्या पेशंटांवर मोठा अभ्यास झाला होता, त्याचे निकाल १९९८ मध्ये आले, त्यात नव्याने निदान झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांच्या शरीरात डायबेटिसच्या नुकसानाच्या खुणा निदानाच्या दिवशीच होत्या.

आता हिशोब करा. त्या आधीच्या सहा-सात वर्षांत मी डॉक्टरकडे गेलेच नव्हते का? ताप, पाठदुखी, दाताचं रूट कॅनॉल, गर्भाशयाची छोटी सर्जरी आणि नुसतं थकल्यासारखं वाटतंय म्हणून दोनदा. मोजलं तर किमान बारा-तेरा वेळा मी कुठल्या ना कुठल्या डॉक्टरसमोर बसलेय. आईला शुगर होती, वय चाळीसच्या पुढे, काम दिवसभर बसून. बोटाला सुई टोचून एक थेंब रक्त घ्यायला मिनिटभर लागतं. सर्जरीच्या आधी तपासली असणार ना, असं सगळे विचारतात. तपासली होती. थोडी जास्त होती, कागदावर लिहिलेली होती, मला नंतर जुन्या फाईलमध्ये सापडली. कोणी सांगितलंच नाही. सर्जरीपुरती आटोक्यात होती, विषय संपला. मी त्या हॉस्पिटलचं नाव घेत नाहीये कारण ते एक हॉस्पिटल बदलून काही होणार नाही, ज्याने सर्जरी केली त्याचं काम सर्जरी होतं आणि ते त्याने नीट केलं, माझी शुगर हे कोणाचंच काम नव्हतं.

हेच तर सांगायचंय मला. शुगर दुखत नाही. दात दुखला की माणूस स्वतःहून येतो, पाय मोडला की उचलून आणतात, शुगर २०० झाली तर थोडी तहान जास्त लागते, रात्री दोनदा उठावं लागतं, जरा थकवा, आणि ते तर चाळिशीनंतर सगळ्यांनाच होतं असं आपण स्वतःला सांगतो. ज्या आजारात पेशंट आपणहून येतच नाही त्यासाठी तुम्ही दवाखाना उघडून पेशंटची वाट बघत बसला आहात. तो येतो, येत नाही असं नाही, पण येतो तेव्हा डोळा गेलेला असतो किंवा पायाची जखम चिघळलेली असते किंवा छातीत कळ आलेली असते.

आणि मग तो डायबेटिसच्या खात्यात मोजलाच जात नाही. माझ्या मामाला वीस वर्षं शुगर होती. आधी पायाचं एक बोट काढलं, मग किडनी कमी काम करतेय म्हणाले, शेवटी हार्ट अटॅक. मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं हृदयविकार. खोटं नाही ते, पण डायबेटिस हा शब्दच नाही त्या कागदावर. वीस वर्षं जो आजार त्या माणसाला पोखरत होता तो शेवटच्या कागदावरून निसटून गेला. हे सगळीकडे होतं, दाखल्यांवर डायबेटिस कमीच नोंदला जातो. म्हणून तर मेले किती याचे आकडेही जुळत नाहीत, जागतिक आरोग्य संघटना २०२१ साठी थेट डायबेटिसमुळे १६ लाख मृत्यू सांगते, त्याशिवाय डायबेटिसमुळे झालेल्या किडनीच्या आजाराने आणखी ५ लाख ३० हजार, आणि हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंपैकी साधारण ११ टक्क्यांमागे वाढलेली शुगर. फेडरेशन २०२४ साठी एकूण ३४ लाखांच्या वर सांगते. तुम्ही कुठला आकडा फाईलला लावता देव जाणे. थेट डायबेटिसने गेलेल्यांपैकी ४७ टक्के लोक सत्तरीच्या आत गेले, एवढं तरी फाईलला लावा.

पैशाचंही असंच. २०२४ मध्ये जगभरात डायबेटिसवर झालेला आरोग्यखर्च एक लाख कोटी डॉलरच्या वर गेलाय. पण तुमच्या बजेटमध्ये 'डायबेटिस' असा जो मथळा असेल त्याखाली औषधं आणि जागृती सप्ताह एवढंच सापडेल. मोठा खर्च आहे तो डायलिसिसच्या युनिटमध्ये, जिथे माणूस आठवड्यातून तीनदा येऊन चार-चार तास मशीनला जोडून पडतो. तो आहे हार्टच्या वॉर्डात, पक्षाघाताच्या वॉर्डात, पाय कापतात त्या ऑपरेशन थिएटरमध्ये, डोळ्यांच्या लेझरमध्ये. टीबीच्या विभागातसुद्धा आहे, डायबेटिस असला की टीबी व्हायचा धोका दुप्पट-तिप्पट होतो, पण टीबीचा ऑफिसर वेगळा, डायबेटिसचा वेगळा आणि दोघांच्या मजल्यांमधली लिफ्ट बंद. मला तर वाटतं, तुमच्या खात्यातल्या एखाद्या हुशार अकाउंटंटला महिनाभर मोकळं सोडा आणि सांगा की सगळ्या विभागांच्या खर्चातून डायबेटिसचा भाग वेगळा काढून दाखव. नुसतं ते एक पान टेबलावर आलं तरी तुमची झोप उडेल. आणि त्या पानावर घरातल्यांचा हिशोब येणारच नाही, मामीने नोकरी सोडली होती मामाला डायलिसिसला न्यायला, तो खर्च कुठल्याच बजेटमध्ये नसतो.

पायाबद्दल जरा जास्त लिहिणार आहे, कारण याच्याइतकी साधी गोष्ट दुसरी नाही. शुगर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. आधी मुंग्या, मग जळजळ आणि मग काहीच नाही, आणि हे काहीच नाही सगळ्यात वाईट. बुटात खडा गेला तरी कळत नाही, दिवसभर त्याच्यावर चालतो, रात्री मोजा लाल दिसतो. रक्तपुरवठा कमी झालेला असतो म्हणून जखम भरत नाही, त्यात जंतू शिरतात, आधी बोट, मग पाऊल, मग गुडघ्याखाली. हे ओळखायला काय लागतं? नायलॉनचा एक जाड धागा. दहा ग्रॅम दाबाला वाकतो असा धागा असतो, तो तळपायाला ठिकठिकाणी टेकवायचा आणि पेशंटला डोळे मिटून विचारायचं, कळतंय का. वीज लागत नाही, मशीन लागत नाही, स्पेशालिस्ट लागत नाही, नर्सला एका दुपारी शिकवता येतं. नऊ वर्षांत मी किती वेळा तपासणीला गेले असेन? तीस-पस्तीस वेळा. त्यात "बूट काढा" असं मला कितीदा सांगितलं असेल? दोनदा. दुसऱ्यांदा तर मीच आधी काढून बसले होते.

बाकी गोळ्या लिहून देतात, ते खरं. पण बूट काढायला वेळ लागतो आणि बाहेर चाळीस माणसं बसलेली असतात. डॉक्टरांना बोल लावायला हे पत्र नाहीये. त्यांच्या हातात पेशंटमागे चार-पाच मिनिटं देऊन वर 'सर्वंकष काळजी' असले शब्द सर्क्युलरमध्ये कोण टाकतं ते तुम्हाला माहितीये.

आता पोस्टरबद्दल. दर वर्षी १४ नोव्हेंबरला जागतिक डायबेटिस दिन असतो, इन्सुलिन शोधणाऱ्यांपैकी फ्रेडरिक बँटिंग यांचा वाढदिवस म्हणून ती तारीख. त्या दिवशी इमारतींवर निळे दिवे लावतात आणि तुमचं खातं पोस्टर काढतं. साखर कमी खा, रोज चाला, वजन कमी करा. चूक काही नाही त्यात. पण वाचल्यावर असं वाटतं की मला शुगर झाली कारण मी आळशी आणि खादाड आहे. मी खादाड थोडी आहे, कबूल. पण सगळी गोष्ट तेवढीच नाही ना.

१९५३ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनमधलं साखरेचं रेशनिंग संपलं, दुसऱ्या महायुद्धात सुरू झालेलं. संपल्यावर लोकांचं साखर खाणं थोड्याच काळात जवळपास दुप्पट झालं. २०२४ मध्ये संशोधकांनी त्या काळात, म्हणजे रेशनिंग संपायच्या थोडं आधी आणि थोडं नंतर जन्मलेल्या लोकांची तुलना केली. ज्यांचं पोटातलं आयुष्य आणि पहिली दोन वर्षं रेशनिंगमध्ये गेली त्यांना मोठेपणी टाइप २ होण्याचा धोका साधारण ३५ टक्क्यांनी कमी निघाला आणि ज्यांना झाला त्यांनाही सरासरी चार वर्षं उशिरा. उलट बाजूने बघायचं तर १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये अन्नाचा दुष्काळ पडला होता, तेव्हा आईच्या पोटात उपाशी राहिलेल्या मुलांच्या शरीराला पन्नाशीत साखर नीट पेलता येत नव्हती. म्हणजे पोटात असताना उपासमार झाली तरी वाईट आणि साखरेचा मारा झाला तरी वाईट, आणि यातलं काहीही त्या बाळाने ठरवलेलं नसतं. त्यात अनुवंश धरा, बैठी नोकरी धरा, फुटपाथ नसलेला रस्ता धरा. शिवाय वजनाचंही सगळ्यांना एकच माप चालत नाही, आशियाई लोकांमध्ये बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) २३ च्या पुढेच धोका वाढायला लागतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्येच सांगितलंय, तरी पोस्टरवर अजून तोच गोलमटोल ढेरीवाला माणूस. तो बघून सडपातळ माणूस म्हणतो, हे आपल्यासाठी नाही.

आणि पोस्टरचा सगळ्यात मोठा फटका बसतो टाइप १ च्या मुलांना. ओळखीतली एक मुलगी आहे, सातव्या वर्षी झाला तिला. शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकल्या, यात तिने काय खाल्लं याचा काडीचा संबंध नाही. तरी तिच्या आईला प्रत्येक जण विचारतो, "खूप गोड खायची का हो?" शाळेत तिला बाथरूममध्ये जाऊन इंजेक्शन घ्यायला सांगितलं होतं, बाकीची मुलं घाबरतात म्हणून. डायबेटिस म्हणजे दोन-तीन वेगवेगळे आजार आहेत आणि त्यातला एक कोणाच्याही चुकीने होत नाही, ही एक ओळ पोस्टरवर टाकायला जागा नाही मिळाली का एवढ्या वर्षांत?

तिच्यावरून इन्सुलिन आठवलं. जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी टाइप १ म्हणजे थोड्या दिवसांचा खेळ, उपाशी ठेवून आयुष्य चार महिने लांबवायचं एवढाच उपचार. शोध लावणाऱ्यांनी पेटंट टोरंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं, कारण हे सगळ्यांना मिळावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या पहिल्याच यादीत, १९७७ मध्ये, इन्सुलिन होतं. आणि शंभराच्या वर वर्षं झाल्यावर परिस्थिती काय, तर टाइप २ मध्ये ज्यांना इन्सुलिनची गरज आहे त्यांच्यापैकी साधारण अर्ध्यांनाच ते मिळतं आणि जगातला बहुतेक सगळा बाजार तीन कंपन्यांच्या हातात. यावर मी आणखी काय लिहू. तुम्ही एकत्र येऊन खरेदी केली असती तर त्या तीन कंपन्यांशी बोलताना तुमचा आवाज जरा मोठा निघाला असता एवढं मला, म्हणजे अर्थशास्त्रात कसाबसा पास झालेल्या बाईलाही, कळतं.

तुम्ही म्हणाल, नुसत्या तक्रारी, उपाय सांगा. उपाय मी कशाला सांगू, ते तुमच्याच कपाटात आहेत. अमेरिकेत शुगर बॉर्डरलाइनवर असलेल्या तीन हजारांवर लोकांवर एक प्रयोग झाला, २००२ मध्ये निकाल आला, वजन सात टक्के कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं, एवढ्यावर डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. तुम्ही लोक हा ५८ चा आकडा भाषणात सांगता आणि पोस्टर लावता. पण त्या लोकांना पोस्टर दिलं नव्हतं, माणूस दिला होता. प्रत्येकाच्या मागे एक कोच, समोरासमोर बसून सोळा धडे, फोन, पुन्हा फोन, वजनाची नोंद, घसरला तर परत उचलणं. ५८ टक्के त्या मागे लागणाऱ्या माणसाचे आहेत. तो पगार तुम्ही बजेटमधून काढून टाकता आणि मग म्हणता लोक ऐकत नाहीत.

डोळ्यांचं बघा. इंग्लंड आणि वेल्समध्ये कामाच्या वयातल्या लोकांच्या अंधत्वाचं पहिल्या नंबरचं कारण किमान पन्नास वर्षं डायबेटिस होतं. तिथे नोंद असलेल्या प्रत्येक डायबेटिसवाल्याला बोलावून डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढायची योजना २००३ पासून सुरू झाली आणि २००९-१० च्या आकड्यांत तो पहिला नंबर गेला. बोलावून, हा शब्द महत्त्वाचा. कारण त्यांच्याकडे यादी आहे, यादीतल्या माणसाला पत्र जातं, आला नाही तर परत जातं. माझ्या गाडीच्या सर्व्हिसिंगची तारीख जवळ आली की मला तीन मेसेज येतात. माझ्या डोळ्यांची तारीख गेल्या वर्षी टळून गेली, कोणाला पत्ता नाही, मला स्वतःलाच चार महिन्यांनी आठवलं.

कोल्डड्रिंकवरचा कर वगैरेंवर फार लिहीत नाही, शंभरावर देशांनी लावलाय, तुम्हाला सगळं पाठ आहे. एवढंच की ब्रिटनने २०१८ मध्ये लावला तो साखरेच्या प्रमाणानुसार पायऱ्या पाडून, १०० मिलीलीटरमागे ५ ग्रॅमच्या खाली राहिलात तर कर नाही, आणि कंपन्यांनी कर लागू व्हायच्या आधीच मुकाट साखर कमी केली. माझ्यासारखीला वर्षानुवर्षं समुपदेशन करून जे जमलं नाही ते कंपन्यांना दोन वर्षांच्या नोटिशीत जमलं.

आता मुद्द्यावर येते. २०१३ चं टार्गेट हुकायला लागल्यावर तुम्ही गप्प बसला नाहीत, मे २०२२ मध्ये नवीन केलं, मुदत २०३०. मला ते पाठ आहे, तुम्हाला आहे का बघा. डायबेटिस असलेल्यांपैकी ८० टक्क्यांचं निदान झालेलं असेल, निदान झालेल्यांपैकी ८० टक्क्यांची शुगर आटोक्यात, ८० टक्क्यांचं बीपी आटोक्यात, चाळिशीपुढच्या ६० टक्क्यांना स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि टाइप १ च्या १०० टक्के लोकांना परवडणारं इन्सुलिन आणि घरी शुगर तपासायची सोय. टार्गेट झकास आहे, मनापासून सांगते, कारण यात पहिल्यांदा 'किती लोकांना झाला' यापेक्षा 'झाला त्यांचं तुम्ही काय केलं' हे विचारलंय. आणि मग २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यात २०३० साठी ठळक आकडे आले, १५ कोटी लोकांनी तंबाखू सोडावी, १५ कोटी जास्त लोकांचं बीपी आटोक्यात यावं, १५ कोटी जास्त लोकांना मानसिक आरोग्याचे उपचार मिळावेत. छान. त्या ठळक आकड्यांत डायबेटिसचा आकडा शोधला. नाहीये.

म्हणून मी तुमच्याकडे नवीन योजना मागत नाही, नवीन ॲप तर अजिबात नको, माझ्या फोनमध्ये शुगरची चार ॲप आहेत आणि चारही मला पाणी प्यायची आठवण करतात. मला तुमचा रिपोर्ट हवाय. दर तीन महिन्यांनी, एक पान. तुमच्या देशात अंदाजे किती लोकांना डायबेटिस आहे आणि त्यातले किती यादीत आले. यादीतल्या किती जणांची एचबीए१सी वर्षात एकदा तरी झाली. कितींच्या डोळ्यांचा फोटो निघाला, कितींचे बूट काढून पाय बघितले. किती पाय कापले गेले, हे तर सगळ्यात वर, कारण हा आकडा लपवता येत नाही. सरकारी दवाखान्यात किती दिवस इन्सुलिन आणि शुगर तपासायच्या स्ट्रिप्स नव्हत्या. आकडे वाईट असले तरी चालतील, माझेही असतात. पहिल्या रिपोर्टला ९.४ होते मी, कोणी मला हाकलून दिलं नाही. आता ७.१ च्या आसपास असते, मधे एकदा ८ वर गेले होते, परत खाली आणली.

दवाखान्यात कोणीही कशासाठीही आला, वय पस्तीसच्या पुढे असलं किंवा घरात कोणाला असला, तर बोटातला एक थेंब घ्या आणि जास्त निघाली तर त्याला तोंडावर सांगा, फाईलमध्ये पुरून ठेवू नका. हे करायला कुठल्या परिषदेची वाट बघायला नको, उद्या सकाळी सर्क्युलर काढता येईल.

माझी पुढची टेस्ट सहा आठवड्यांनी आहे. आकडा जो येईल तो इथेच लिहीन, वाईट आला तरी. तुमचा त्याच आठवड्यात टाका.

आपली,
यादीत उशिरा आलेली एक पेशंट